खिळा आधी की चित्र आधी

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं जळगावात, पिंप्राळ्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. फर्निचर झालं, पडदे लागले, आणि हॉलमधल्या सोफ्यावरची सात फुटांची भिंत तेवढी मोकळी राहिली. फर्निचरवाल्यानं मोबाइलवर तीन चित्रं दाखवली. धावणारे सात पांढरे घोडे, डोळे मिटलेला बुद्ध आणि राधा-कृष्ण. सोफा तपकिरी, त्यावर बुद्ध जास्त खुलेल. पण घोडे लावले तर घरात बरकत येते, असंही तो सांगून गेला होता. घोड्यांचं जवळजवळ ठरलंच. तेवढ्यात पारोळ्याहून आलेल्या जावयाच्या आजींनी चष्मा चढवला, मोबाइल हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ह्या घोडा कोना शेतस?"

सगळे हसले. मीही हसले. घरी परतताना रिक्षात तो प्रश्न पुन्हा आठवला तेव्हा मात्र मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. ओळखीतल्या कोणाचंही घर झालं की "बाई, भिंतीवर काय लावू?" हा प्रश्न माझ्याकडे यायचा. मी रंगसंगती सांगायचे, आकार सांगायचे, फ्रेम काळी घ्या की सोनेरी ते सांगायचे. चित्र कोणाचं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आजींच्या पारोळ्याच्या घरात मी नंतर गेले. धाब्याचं जुनं घर, जाड मातीच्या भिंती, दिवसाही आत अर्धा अंधार. त्या भिंतींवर असलेल्या प्रत्येक तसबिरीला 'कोना' या प्रश्नाचं उत्तर होतं. हा सासऱ्यांचा फोटो, ते गेले त्या वर्षी मोठा करून आणलेला. ही गडावरची देवी, पायी गेलो होतो तेव्हाची. हे मण्यांचं तोरण थोरल्या सुनेच्या रुखवतातलं. हा शाळेचा गटफोटो, त्यात धाकटा कुठे आहे ते ओळखा पाहू. या घरात चित्र आधी यायचं आणि मग त्याच्यासाठी खिळा ठोकायला जागा शोधायची. फ्लॅटमध्ये उलटं होतं. आधी भिंत असते, तिच्यावरचा दिवाही लागलेला असतो, आणि मग त्या दिव्याखाली काहीतरी हवं म्हणून चित्र शोधायला माणूस बाहेर पडतो. या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते सांगण्यासाठी गेली दोन वर्षं मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लोकांच्या भिंती बघत हिंडले.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. जुन्या घरांतली चित्रं 'अस्सल' आणि नव्यांतली 'बाजारू', असं माझं म्हणणं नाही. आपल्या आजी-पणजीच्या भिंतींवरचे देव बाजारातूनच आले होते. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. ज्या बाईनं देवीचं रूप एरवी फक्त टाकावर बोटभर पाहिलं होतं, तिच्या घरात देवी साडी नेसून, चेहऱ्यानिशी उभी राहिली. मुळगावकर आणि दलाल यांची दिवाळी अंकांवरची, कॅलेंडरांवरची चित्रं कात्रीनं कापून फ्रेम केलेली मी या हिंडण्यात किती घरांत पाहिली, मोजली नाहीत. एका घरात तर कॅलेंडरच्या चित्राखालचं किराणा दुकानाचं नावही तसंच ठेवलं होतं. दुकान केव्हाच बंद झालं, उधारी मात्र फेडली होती, असं मालक सांगत होते. छापील असणं हा दोष नव्हे. छापील चित्रही कोणाचं तरी होऊ शकतं.

खानदेशातल्या घरांत चित्रं काही ठरावीक निमित्तांनी येत आली आहेत. श्रावण लागला की पुष्कळ घरांत जिवतीचा कागद येतो. खांबातून निघालेला नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, पोरांच्या गराड्यातल्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवरचा बुध, वाघावरचा बृहस्पती. एकाच कागदावर चार चौकटी, मोठ्या कॉमिकच्या पानासारख्या. आघाडा-दूर्वांची माळ घालायची, शुक्रवारी पोराबाळांसाठी पुजायचं आणि श्रावण संपला की उतरवायचं. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला तो कागद वर्षानुवर्षं ढोबळ वाटायचा. रंग भडक, रेषा जाड, शिवाय छपाईत रंग सरकलेले. पण देवघराच्या अंधारात, समईच्या उजेडात बघायचं चित्र असंच असावं लागतं. बारीक छटा तिथं दिसणारच नाहीत. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कानबाईचं तर आणखी वेगळं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, पण तयारी आठवडाभर आधीची. घर झाडायचं, रंगवायचं, भांडीकुंडी घासायची. नारळाला नथ, डोळे, दागिने, वस्त्र; घरातल्या बायका मिळून त्या नारळाचा चेहरा घडवतात. रोट होतात, भाऊबंद जमतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी ती नदीवर जाते. एका दिवसासाठी उभी राहिलेली मूर्ती. मी धुळ्यात एका घरी कानबाईच्या आदल्या दिवशी गेले होते. त्या बाई चौरंगामागे लावायची साडी निवडत होत्या. चार साड्या झाल्या, पाचवी झाली, कुठलीच मनाला येईना. शेवटी त्यांनी स्वतःच्या लग्नातला जुना शालू काढला, जर काळी पडलेला. "हाच बरा," म्हणाल्या, "हिनं मला यात पाहिलंय." घरासाठी चित्र कसं निवडावं यावर मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात याच्याइतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

लग्नघराची दर्शनी भिंत हेही आमच्याकडचं मोठं चित्रदालन. दाराच्या दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, सोंड वर केलेले हत्ती, कलश, वर गणपती आणि खाली नवरा-नवरीची नावं. पूर्वी हे गावातला पेंटर करायचा, जो दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचा मजकूरही लिहायचा. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम गेलं, त्याबरोबर हे कामही पातळ झालं. अमळनेरकडच्या खेड्यांत मात्र अजून जुन्या लग्नांच्या भिंती दिसतात. नावं फिकी झालेली, नवरीला आता जावई आलेले, आणि चोपदार तसाच उभा. घराला नवा रंग देताना तेवढा भाग सोडून रंग दिल्याचं मी दोन ठिकाणी पाहिलं.

इथं वारलीबद्दल बोलायला हवं, कारण आजकाल प्रत्येक दुसऱ्या फ्लॅटमध्ये वारलीचं स्टिकर असतं. पालघर-डहाणूकडच्या पाड्यांत हे चित्रण मुळात लग्नाचं. बायका घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढायच्या. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि जगापुढे नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे आमच्या लग्नघराचा हत्ती आणि वारल्यांचा चौक हे एकमेकांचे दूरचे नातेवाईक. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं मला आवडतात. पण ती टीव्हीच्या मागं वॉलपेपर म्हणून चिकटवली की मला आजींचा प्रश्न विचारावासा वाटतो. वारली हवीच असेल तर वारली माणसानं काढलेलं एक छोटं चित्र घ्या, त्याचं नाव विचारून घ्या आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

देवीच्या फोटोंवरून मी एका अवघड जागी पोहोचले, आणि त्याबद्दल या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. सप्तशृंगगडाची अठरा हातांची देवी खानदेशातल्या असंख्य घरांची कुलदेवता. चैत्रात इकडून लोक पायी जातात. येताना फोटो आणतात: शेंदरानं माखलेला, मोठाल्या डोळ्यांचा, भरदार मुखवट्याचा. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर काही दिवस बंद ठेवून मूर्तीवरचे वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर काढले गेले, आणि त्या नवरात्रापासून खालची मूळ मूर्ती दिसू लागली. नाक-डोळे रेखीव, अंगकाठी वेगळी. आता भिंतीवरची देवी आणि गडावरची देवी सारखी दिसत नाही. मी घरोघर विचारलं, फोटो बदललात का? काहींनी नवा आणला आणि जुन्याच्या शेजारी लावला. एक शेतकरी म्हणाले, मूळ रूप ते खरं, बदलायलाच हवं. आणि चोपड्याजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ बसवून सांगितलं की त्यांच्या बाळंतपणात याच चेहऱ्यासमोर त्यांनी हात जोडले होते, तेव्हा हा चेहरा त्या बदलणार नाहीत. दोघांचंही मला पटलं. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं मूळ मूर्ती मोलाची आहे, पण त्या बाईंच्या भिंतीवरचा अधिकार पुरातत्त्वाचा नव्हे.

कलावंताचं स्वतःचं घर कसं असतं हे बघायचं तर आमच्याकडे चाळीसगाव आहे. स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचा दगडी बंगला. १९१२ चा मुंबईतला जन्म, पारशी घराणं, चाळीसगावात कुटुंबाचा व्यवसाय. या माणसानं आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्या बंगल्याच्या आत काढली, बाहेर फारसा पडलाच नाही. १९८९ मध्ये तिथंच गेले. प्रेयसी रेल्वेनं येणार होती, ती आली नाही, म्हणून ते वाट पाहत राहिले, अशी कथा सगळे सांगतात. बंगला पाहायला येणारे बहुतेक जण त्या कथेसाठीच येतात. मला ती कथा थोडी त्रासदायक वाटते, कारण तिच्यामुळे लोक मूसांच्या टेबलाकडे बघायचं विसरतात.

त्यांचं खरं जग त्या टेबलावर होतं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे घरातल्या बारीकसारीक वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा पाडायचा आणि कॅमेरा असा लावायचा की बघणाऱ्याला अफाट निसर्ग दिसावा. डोंगर, बर्फ, वाट, एखादी झोपडी. घराबाहेर न पडलेल्या माणसानं घरातल्या पसाऱ्यातून बाहेरचं जग उभं केलं आणि त्या फोटोंनी देशोदेशींची बक्षिसं मिळवली. शिवाय चित्रं, लाकूडकाम, मातीकाम होतंच. आज ते घर संग्रहालय आहे. मी तिथं तीन वेळा गेले. प्रत्येक वेळी हेच जाणवलं की तिथली एकही वस्तू भिंत भरायला आणलेली नाही. माणूस काम करत गेला आणि भिंती आपोआप भरत गेल्या. आपण सगळे केकी मूस नव्हे, हे कबूल. पण पोरानं सातवीत काढलेलं बैलपोळ्याचं चित्र कपाटाच्या तळाशी आणि भिंतीवर अनोळखी घोडे, ही मांडणी निदान एकदा तपासून बघावी.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले. आयुष्यभर हा माणूस गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून जुने कागद गोळा करत फिरला. ज्यांच्या घरात ते कागद होते त्यांना बहुतेकदा ती रद्दी वाटत होती. तेव्हा माझा पहिला व्यावहारिक सल्ला हा की काहीही विकत घेण्याआधी स्वतःच्या घराचा माळा उतरवा. आजीच्या हातची गोधडी, जिच्यात तीन पिढ्यांची लुगडी आहेत, ती नीट पट्टी लावून भिंतीवर टांगली तर हजारो रुपयांच्या कॅनव्हास प्रिंटला मागं टाकते. आईच्या रुखवतातला भरतकामाचा मोर. आजोबांचं सातवीचं सर्टिफिकेट, त्या सुरेख बाळबोध अक्षरासकट. एका घरात मला कापूस तोलायच्या जुन्या काट्याचं पारडं भिंतीवर दिसलं, आणि त्या घराचा सगळा इतिहास त्यात होता.

बहिणाबाईंच्या ओळींची फ्रेम मात्र मी माझ्या घरात लावलेली नाही. भेट म्हणून चार आल्या, चारही पुढे दिल्या. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिची गाणी जात्यावर आणि शेतात झाली, तिचे शब्द सोनेरी अक्षरांत काचेमागं बसलेले मला बघवत नाहीत. ती गाणी म्हणायची आहेत. हे माझं वैयक्तिक मत. कोणाला राग आला तर माफी.

अजिंठ्याबद्दल थोडं लांब बोलते, कारण जळगावकराला ते परसातलं आहे. साठेक किलोमीटर, तासा-दीड तासाचा रस्ता. आणि तरी आमच्याकडे अजिंठा म्हणजे पद्मपाणी, तोही दुकानातून आणलेला, पिवळट झालेला. पद्मपाणी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो पहिल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या शेजारी आहे. आणि पहिलं लेणं म्हणजे विहार, भिक्खूंचं राहायचं ठिकाण. ते लोक त्या चित्रांसोबत अंधारात, दिव्याच्या उजेडात राहत होते. एका अर्थानं तीही घरातलीच चित्रं.

त्या चित्रांच्या नकलांची कहाणी आणखी अजब. रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून तैलरंगात नकला करत राहिला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून नव्यानं नकला करून घेतल्या, त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. लेण्यांतला अंधार आणि ओल सोसून मूळ चित्रं टिकली, आणि परदेशात जपायला नेलेल्या नकला खाक झाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळकरांतल्या फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

माझ्या ओळखीचे एक कापूस पिकवणारे शेतकरी पहिल्यांदा अजिंठा बघायला गेले ते साठाव्या वर्षी, नातवाच्या सहलीबरोबर. पद्मपाणीपुढे ते गर्दीत दोन मिनिटं थांबले. नंतर पहिल्या लेण्यातच एका खांबावरच्या झुंजणाऱ्या दोन बैलांसमोर अर्धा तास उभे राहिले. त्यांनी नातवाकडून त्या बैलांचा फोटो शोधवून घेतला, मोठा केला, आणि आज तो त्यांच्या ओसरीवर आहे. बैल कोणाचे म्हणून विचारलं तर दोन्ही बैलांची नावं सांगतात. ती त्यांच्या स्वतःच्या, विकाव्या लागलेल्या जोडीची नावं आहेत.

बाकी तांत्रिक गोष्टी पुढे सविस्तर आहेत, इथं दोन-तीनच. खानदेशचा उन्हाळा चित्रांचा वैरी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना पश्चिमेची भिंत आतूनही तापते. तिथं कागदावरचं काहीही लावू नये. आणि कूलर. आपण सगळे चार महिने कूलरसमोर जगतो, पण तो खोलीत ओल सोडतो, कागद फुगतो, काचेला चिकटतो, पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची पट्टी असलीच पाहिजे, आणि कूलरच्या झोतासमोर चित्र नको. फ्रेमवाल्याला मूळ फोटो कधीही चिकटवू देऊ नका. माझ्या वडिलांचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो एका दुकानात गोंदानं पुठ्ठ्याला चिकटवून, वर चौकटीत बसावा म्हणून कडेनं कापून मिळाला. त्यात त्यांचा हात होता, सायकलच्या हँडलवर ठेवलेला. तो हात आता नाही.

उंचीचंही तसंच. पुस्तकांत लिहितात की चित्र उभ्या माणसाच्या नजरेइतकं उंच असावं. आमच्या घरांत लोक बसतात, दिवाणावर, झोपाळ्यावर, सतरंजीवर. त्याच मापानं खाली घ्या. जुन्या तसबिरी दोरीनं पुढे झुकवून टांगत, त्यामागं हाच हिशेब होता. खाली बसलेल्याकडे त्या वाकून बघायच्या.

आणि विकत घ्यायचंच असेल तर आधी आपल्या गावातल्या चित्रकाराकडे जा. प्रत्येक तालुक्याला एक तरी ड्रॉइंगचे सर असतात, जे सुट्टीत तापीच्या काठी किंवा पाटणादेवीच्या डोंगरात जाऊन जलरंगात निसर्गचित्रं काढतात आणि ती कोणी विचारत नाही म्हणून पलंगाखाली ठेवतात. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून हा सल्ला थोडा स्वार्थी आहे.

ज्यांनी मला घरात घेतलं, भिंती दाखवल्या, चहा आणि भरीत-भाकरी दिली त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे पुस्तकात कोणाचंही नाव दिलेलं नाही.

भाचीच्या सोफ्यावरची भिंत दोन वर्षं रिकामीच आहे. गेल्या श्रावणात पारोळ्याच्या आजी राहायला आल्या होत्या. देवघरापाशी जागा नाही म्हणून त्यांनी जिवतीचा कागद सरळ तिथंच, त्या महागड्या दिव्याखाली चिकटपट्टीनं लावला. पोळ्याला तो उतरवताना पट्टीबरोबर भिंतीचा रंगही चार कोपऱ्यांत निघाला. रंगाऱ्याला अजून बोलावलेलं नाही. यंदाचा कागद त्याच चार खुणांवर बसवायचा, असं भाची म्हणते आहे.

जळगाव,
आखाजी